ऐकत नाही, म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न : माझा धाकटा मुलगा एका कारखान्यात आहे. शिफ्ट संपल्यावर साहेबांनी थांबायला सांगितलं, हा "बघतो" म्हणाला आणि बस पकडून घरी आला, तर आता शो-कॉज नोटीस आलीय आणि त्यात 'विलफुल इनसबॉर्डिनेशन' असं लिहिलंय. त्याच आठवड्यात नातीच्या डायरीत बाईंनी 'डिफायंट' असा शेरा मारला. सूनबाई म्हणते दोन्हीचा अर्थ एकच, डिसओबीडियंट. मग इंग्रजीवाल्यांना एवढे शब्द लागतात कशाला?
– एक आजोबा, इचलकरंजी

उत्तर : आजोबा, एकच नाहीत, आणि नोटिशीच्या बाबतीत तर हा फरक पोटापाण्याचा आहे.

आधी साधा शब्द घेऊ. 'ओबे' हा लॅटिनमधल्या 'ऐकणे' या क्रियापदावरून आलाय, ऑडिओ, ऑडियन्स त्याच घरातले. म्हणजे गंमत बघा, आपण "पोरगं अजिबात ऐकत नाही" म्हणतो तेव्हा त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही, आपल्याकडेही ऐकणं म्हणजेच सांगितलेलं करणं. तर डिसओबे म्हणजे ऐकलं नाही, बस. गुपचूप की तोंडावर, रागाने की कंटाळ्याने, ते हा शब्द सांगत नाही. म्हणून कायद्यालाही तो बरा पडतो, लॉकडाऊनमध्ये भारतीय दंड संहितेच्या ज्या 188 कलमाखाली गुन्हे दाखल झाले त्याच्या नावातच डिसओबीडियन्स आहे (आता 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 223 झालंय).

'डिफाय' मात्र समोरासमोरचा. मुळात त्याचा अर्थ इमान मोडणं, आजपासून तुझा-माझा संबंध संपला, ये मैदानात, अशा थाटाचा. बाई म्हणाल्या वही काढ आणि नातीने काढली नाही तर ते डिसओबे, बाईंकडे बघत बघत बाहेर असलेली वही परत दप्तरात कोंबली तर ते डिफाय. मोठं उदाहरण हवं तर 18 जून 1946, मडगाव. पोर्तुगीजांनी जाहीर सभांवर बंदी घातलेली आणि राममनोहर लोहिया भर सभेत लोकांपुढे उभे राहिले, अटकही झाली. तीच सभा कुणाच्या माजघरात दारं लावून घेतली असती तर बंदी मोडलीच असती, पण तिला डिफाय म्हणायला जीभ वळली नसती. नातीची थेट लोहियांशी तुलना करायची नाहीये मला, पण बाईंना जे खुपलं ते वही नाही, ते बघणं.

आता नोटीस. 'इनसबॉर्डिनेशन'मध्ये रांग आहे, उतरंड आहे, वर कोणीतरी आणि खाली कोणीतरी असल्याशिवाय हा शब्द चालत नाही. म्हणून नोकरीत, फौजेत, पोलिसात. तुम्ही मुलाला पाणी आण म्हणालात आणि तो हलला नाही तर ते इनसबॉर्डिनेशन नाही हो, तो आळस. कारखान्यांसाठी 1946 च्या केंद्रीय नियमांत जे नमुन्याचे स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, दिले होते त्यात गैरवर्तनाच्या यादीत हे शब्द होते : विलफुल इनसबॉर्डिनेशन ऑर डिसओबीडियन्स, आणि पुढे, टू एनी लॉफुल अँड रीझनेबल ऑर्डर ऑफ अ सुपीरियर. आता यातला प्रत्येक शब्द मुलाला बोटाने दाखवा. विलफुल, म्हणजे जाणूनबुजून. लॉफुल, म्हणजे हुकूम कायद्यात बसणारा हवा. रीझनेबल, म्हणजे वाजवी. मग विचारा, किती तास आधीच झाले होते, थांबण्याचं आधी कळवलं होतं का, तोंडी सांगितलं की लेखी. आणि तो "बघतो"! आपल्याकडे "बघतो" म्हणजे नव्वद टक्के नाहीच, पण ते नाही म्हणणंही नाही, साहेबांना दुखवायचं नाही म्हणून तर आपण तो वापरतो. उत्तरात "मी नकार दिला" असं चुकूनसुद्धा लिहू नका, जे बोलला तेच शब्द लिहा, आणि आधी युनियनच्या माणसाला नाहीतर वकिलाला दाखवा.

हेच एकट्याने न करता अख्ख्या फौजेने केलं की 'म्युटिनी'. पण तिथेही कोण बोलतंय ते बघावं लागतं. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावरच्या नाविकांनी काम बंद केलं, इंग्रजांनी म्युटिनी म्हटलं, आपण बंड म्हणतो, आणि खुद्द नाविकांनी जी समिती केली तिच्या नावात शब्द होता स्ट्राइक.

आणि गांधीजींचं घ्या. 1917 साली चंपारण सोडून जा असा हुकूम निघाला, ते गेले नाहीत, मोतिहारीच्या कोर्टात सरळ कबूल केलं की हुकूम मी डिसरिगार्ड केला, पण सत्तेबद्दल आदर नाही म्हणून नव्हे, आतल्या आवाजाचं ऐकलं म्हणून. परत ऐकणंच आलं! 'सिव्हिल डिसओबीडियन्स'चं मराठीत 'सविनय कायदेभंग' झालं त्यातला 'सविनय' मला फार आवडतो, कारण सिव्हिलचे नागरी आणि सभ्य असे दोन्ही अर्थ होतात आणि आपल्या माणसांनी बरोबर दुसरा उचलला.

प्रश्न : इंग्रजी बातमीत 'फ्लॉन्टेड ट्रॅफिक रूल्स' वाचलं. बरोबर आहे का? आणि 'रिकॅल्सिट्रंट' लक्षात कसा ठेवायचा?
– स्पर्धा परीक्षावाली, लातूर

उत्तर : चूक. नियम 'फ्लाउट' करतात, म्हणजे खुशाल धाब्यावर बसवतात. 'फ्लॉन्ट' म्हणजे मिरवणं. गल्लीत नवी बुलेट घेऊन उगाच चार फेऱ्या मारल्या तर फ्लॉन्ट, हेल्मेट न घालता मारल्या तर फ्लाउट. बहुतेक वेळा दोन्ही करणारा माणूस एकच असतो म्हणून पत्रकारांचा गोंधळ होत असेल.

दुसरा सोपाय, अर्थ हट्टाने न ऐकणारा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली टाच आहे, टाचेने मागे लाथ मारणं. धार काढायला बसलं की बादली उलथवणारी लाथाळ म्हैस आठव, पेपरात विसरणार नाहीस.