खाद्य बदलण्याआधी शेपटीचं बूड तपासा

चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, आठ महिने खाजवतोय, तीनदा खाद्य बदललं, इंजेक्शन दिलं की दहा दिवस बरा आणि मग पुन्हा तेच. आता रक्ताची ॲलर्जी टेस्ट करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तुम्ही खाद्यापासून सुरुवात केलीत, ते खरं तर तिसरं पाऊल. आधी पिसवा, मग कातडीचा संसर्ग, मग खाणं. या सगळ्यातून जे उरतं ती धूळ-परागकणांची ॲलर्जी.

"पिसवा नाहीत, मी रोज बघतो" हे वाक्य मीही ठामपणे म्हणायचे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, आणि चाटता-चावता तो पिसवा गिळूनही टाकतो, मग अंगावर काय दिसणार? शेपटीच्या बुडाशी आणि कंबरेवर बारीक दातांची फणी फिरवा. निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि थोडं थांबा. धूळ असेल तर काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. माझ्या टिश्यूवर मिरपुडीसारखे तीन कण पडले होते, तिन्हींभोवती डाग उतरला. त्याआधी दीड महिना मी खाद्याच्या पिशव्या बदलत बसले होते!

कण सापडले नाहीत तरी पिसवांचं औषध द्याच. तेही एकदा देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना, किमान तीन महिने, एकही डोस न चुकवता. कोषातल्या पिसवांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, त्या गालिच्यात, गादीच्या शिवणीत महिनोन्‌महिने दबा धरून असतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि व्हॅक्यूम फिरवत राहा. मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिला चुकूनही लावू नका, तिच्यासाठी ते विष आहे. तुमच्या लॅबला कधी फिट आली असेल तर तेही पिसवांची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

खाज नेमकी कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. कंबर, शेपटीचं बूड, मांड्यांचा मागचा भाग असेल तर पिसवा. पंजे, तोंड, कान, काखा, पोट असेल तर ॲलर्जी, मग ती खाण्याची असो वा हवेतली. कानाच्या कडा, कोपर आणि मागच्या पायांचे सांधे असतील तर खरूज. कानाची कड दोन बोटांत धरून चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय घ्या. स्किन स्क्रेपिंगमध्ये, म्हणजे कातडी खरवडून केलेल्या तपासणीत, किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असं होत नाही, बऱ्याचदा डॉक्टर औषध देऊनच खात्री करतात. खरूज माणसांनाही लागू शकते, म्हणून घरात कुणाच्या हातांवर, पोटावर खाजरे लाल फोड आलेत का, तेही पाहा.

संसर्ग मूळ कारण क्वचितच असतो, पण खाज दुप्पट करतो. आंबूस वास, तेलकट केस, काळवंडलेली जाड कातडी म्हणजे बहुधा यीस्ट. पुटकुळ्या आणि गोल खपल्या म्हणजे बॅक्टेरिया. कातडीवर चिकटपट्टी दाबून मायक्रोस्कोपखाली बघायला काही मिनिटं लागतात. ही तपासणी झाली नसेल तर मागून घ्या. इंजेक्शननंतर तो खूप पाणी पीत असेल, सारखी लघवी करत असेल, तर ते स्टेरॉइड असावं. त्यानं खाज दबते, कारण जागच्या जागी राहतं.

एवढं होऊनही खाज उरली तर खाद्य. आठवडाभर नवी पिशवी म्हणजे चाचणी नव्हे. डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाद्य, किंवा त्यानं कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किमान आठ आठवडे. दुसरा कणही नाही. आमची सातव्या आठवड्यातली चाचणी मांसाच्या चवीच्या जंताच्या गोळीनं वाया गेली, आणि गोळी मीच दिली होती. फरक पडला तर जुनं खाद्य परत द्या. दोन आठवड्यांत खाज उलटली तरच खाण्याची ॲलर्जी पक्की. रक्ताच्या टेस्ट हे काम भरवशानं करत नाहीत. "ग्रेन फ्री"च्या, म्हणजे धान्य नसलेल्या खाद्याच्या मागेही लागू नका, बीफ, दुधाचे पदार्थ आणि चिकन हेच जास्त वेळा दोषी निघतात.

शेवटी उरली हवेतली ॲलर्जी, तर ती सहसा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. तुमच्याकडे तीन वर्षं उलटल्यावर सुरुवात झाली, तरी तीही शक्यता चांगलीच आहे. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते: ओक्लॅसिटिनिबच्या गोळ्या, लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन, नाहीतर इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याचेच अगदी छोटे डोस देत शरीराला सवय लावणं. टेस्टचा खरा उपयोग इथे, इम्युनोथेरपीत काय घालायचं ते ठरवायला.

आज फणी फिरवा. टिश्यूचा फोटो, खाजेच्या जागा आणि इंजेक्शनचं नाव टाका, मग पुढचं बोलू.