बेल्जियमची राणी एलिझाबेथ कोण होती? तिला ‘लाल राणी’ का म्हणायचे?

आधी एक क्लिअर करतो, ही ब्रिटनची नाही. ही जन्माने जर्मन, बव्हेरियाची, 1876 ची. वडील ड्यूक असून चक्क डोळ्यांचे डॉक्टर होते. 1900 मध्ये बेल्जियमच्या राजपुत्र आल्बर्टशी लग्न झालं आणि 1909 ला राणी झाली. 1914 मध्ये तिच्याच माहेरच्या देशाने बेल्जियमवर हल्ला केला तेव्हा नवराबायको देश सोडून पळाले नाहीत, जर्मनांच्या हाती न लागलेल्या तेवढ्याशा पट्टीत, डे पाने गावात समुद्रकिनारी राहिले आणि ही तिथल्या लष्करी हॉस्पिटलात जखमी सैनिकांकडे जातीने बघायची.

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियन ज्यूंसाठी जर्मनांकडे शब्द टाकला, त्याबद्दल 1965 मध्ये इस्रायलने सन्मान केला.

पण मला विचाराल तर तिची खरी कमाई संगीतातली. स्वतः व्हायोलिन वाजवायची, आइन्स्टाइन राजवाड्यात आला की दोघं मिळून वाजवायचे, पुढे कित्येक वर्षं पत्रव्यवहारही चालू होता. 1937 ला तिच्या पुढाकाराने व्हायोलिनवादक इझाईच्या नावाने स्पर्धा सुरू झाली, पहिला नंबर सोव्हिएत डेव्हिड ओइस्त्राखचा! हीच स्पर्धा 1951 पासून तिच्या नावाने ब्रसेल्सला भरते, आणि आजही तिथे फायनलला पोचणं म्हणजे करिअर सेट.

‘लाल राणी’ म्हणाल तर लाल हा कम्युनिस्टांचा रंग, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना बाई 1958 ला मॉस्कोला आणि 1961 ला चीनला जाऊन आल्या, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास! सरकार वैतागलं, पेपरवाल्यांना मसाला मिळाला, बाईंनी काही मनावर घेतलं नाही.