नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर ठोकलं गेलं?

मागच्या अंकात टांकसाळीतच चुकीची ठोकली गेलेल्या नाण्यांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा ढीग लागला, बहुतेक आपल्या इंदूरचेच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून वेगवेगळ्या प्रकारचे पाच निवडलेत.

प्रश्न : काका, माझ्याकडे दहा रुपयाचं नाणं आहे पण मधला पांढरा भाग नाहीच, नुसतं पिवळं कडं. मित्र म्हणतो लाखात जाईल. खरं का? (कॉलेजचा विद्यार्थी, सुदामानगर)

मित्राला म्हणावं तूच घे भिया. हे बघ, दहाचं नाणं दोन तुकड्यांचं असतं, बाहेरचं कडं वेगळं आणि मधली चकती वेगळी, आणि दोन्ही एकत्र बसतात ते डायचा, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या ठशाचा, दाब पडतो तेव्हाच. आता एखाद्या वेळी चकती पडलीच नाही आणि नुसत्या कड्यावर ठोका बसला तर कड्याच्या धातूला आत अडवणारं कोणी नसतं, तो भोकाकडे सरकतो, म्हणून खऱ्या चुकीत भोकाची कड आत फुगलेली, वेडीवाकडी असते आणि तिथलं डिझाइनही ताणलेलं दिसतं. तुझ्या फोटोत भोक एकदम गोल, भिंत सरळ आणि एका बाजूला धातूची बारीक धार वर आलीये, म्हणजे चकती नंतर कोणीतरी पंच लावून ठोकून काढलीये. वजन करून यात काही कळत नाही बरं का, पूर्ण नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, पण चकती गेली की खरं काय आणि खोटं काय, दोन्ही हलकंच भरणार.

आणि लाखांचं म्हणशील तर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं होतं की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून फी, कमिशन मागणारे फसवे आहेत, आम्ही असला व्यवहारच करत नाही. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा.

प्रश्न : एक रुपयाचं नाणं एका कडेला अर्धगोल कापल्यासारखं आहे. चूक की कापाकापी? (एक ताई, टिळकनगर)

ताई, हे मात्र बघण्यासारखं आहे. करंजीसाठी लाटलेल्या पोळीतून आपण वाटीने पुऱ्या पाडतो आणि वाटी चुकून आधीच्या भोकावर पडली की पुरीला घास घेतल्यासारखा तुकडा कमी येतो, टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या पाडताना अगदी हेच होतं. नंतर त्या तुटक्या चकतीची कड वर उचलतात तेव्हा कापलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही पुसट राहते. ही खूण सापडली तर फार चांगलं, पण प्रत्येक खऱ्या नाण्यात ती दिसेलच असं नाही. शिवाय कापाजवळची अक्षरं थोडी पसरत, विरळ होत गेलेली हवीत. अक्षर सुरीने कापल्यासारखं मध्येच तुटलंय आणि कडेवर कानशीचे ओरखडे आहेत, तर नाणं घरीच कापलेलं. तुमच्या फोटोत समोरची कड पुसट वाटते, म्हणून सराफ्यात दिवसा जा (रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तेव्हा गेलात तर भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल) आणि सोनाराकडे भिंगाखाली बघा.

प्रश्न : सोनेरी रंगाचा एक रुपया मिळाला, चुकीच्या धातूवर छापलाय का? (नंदानगर)

मुलामा दिलाय. चुंबक लावा, चिकटला आणि वजन नेहमीचंच भरलं तर आत स्टीलच आहे. गॅसवर तापवूनही स्टीलला पिवळी-निळी झाक येते. उलटंही होतं, पाच रुपयाचं पांढरं, चुंबकाला चिकटणारं नाणं दिसलं की लोक उड्या मारतात, पण २००७ चं पाचचं नाणं स्टीलचंच होतं, आधी साल वाचा.

प्रश्न : नाण्याच्या एका बाजूला सिंह नीट आहेत, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोल गेलेले. (रामबाग)

टांकसाळीत असं होतं, आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच ठसा बसतो. पण मग त्या बाजूला डाय पोचतच नाही, म्हणून किमतीचा आकडा, साल यातलं काही नसतं. तुमच्या नाण्यावर खोल सिंहांच्या खाली चपटा झालेला आकडा दिसतोय ना? म्हणजे नंतर कोणीतरी दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबलेली आहेत. नीट सिंहांच्या बाजूलाही बघा, उंच भाग घासटून सपाट झाले असतील.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत होळकरांचा चांदीचा रुपया निघाला, सूर्याचा चेहरा आहे पण अक्षरं कडेला अर्धीच, शिवाय वर दोन खड्डे. एरर आहे का? (लोकमान्यनगर)

नाही. हाताने ठोकलेल्या रुपयात डाय चकतीपेक्षा मोठी असायची, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर मावायचाच नाही, अर्धी अक्षरं हीच तिथली रीत. खड्डे बहुधा सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या खुणा असतील, म्हणजे टांकसाळीनंतरच्याच, पण त्या काळच्या व्यवहारातल्या, त्यामुळे जुने संग्राहक त्यांना फार नावं ठेवत नाहीत. फक्त तो पीतांबरीने किंवा चिंचेने घासू नका, काळपट आहे तसाच राहू द्या, घासलेल्या रुपयाला भाव कमी मिळतो.