डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट अशा टीमने मिळून उपचार केले तर खर्च वाढेल की कमी होईल?

माणसं वाढली की बिल वाढणार, हे वरवर पटतं. पण बराच पैसा दोन डॉक्टरांमधल्या फटीत सांडतो.

मधुमेह, रक्तदाब आणि अधू मूत्रपिंड असा एकच रुग्ण घ्या. तीन तज्ज्ञ, तीन फाइली. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय हे सांगणारी रक्ततपासणी) एकाच आठवड्यात दोनदा तपासलं जातं. गुडघेदुखीवर कुणीतरी आयब्युप्रोफेन लिहून देतं, मूत्रपिंडाला ते झेपत नाही आणि रुग्ण थेट अॅडमिट. फार्मासिस्टने सगळ्या गोळ्या एकत्र पाहिल्या असत्या, तर हे तिथेच अडलं असतं. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमकुवत होऊन अंगात पाणी साठणाऱ्या रुग्णाला घरी गेल्यावर नर्सने फोन करून ‘वजन वाढलंय का, पाय सुजलेत का?’ एवढं विचारणंही पुन्हा भरती होण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

खरी गोम पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. दर तपासणीमागे पैसे मिळत असतील तर फोन कोण करणार? म्हणून अमेरिकेत २०१०च्या आरोग्य कायद्याने मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात ‘अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशन’ आणल्या, म्हणजे रुग्णाची जबाबदारी मिळून घेणारे डॉक्टर-रुग्णालयांचे गट. गुणवत्तेचे निकष सांभाळून ठरलेल्या रकमेपेक्षा कमी खर्च झाला, तर बचतीतला वाटा डॉक्टर-रुग्णालयांना. २०१२पासून हे सुरू आहे. बचत होते, पण माफक. जादूची कांडी नव्हे.

आणि हो, साध्या सर्दी-तापाला टीम लागत नाही. तिथे ती नुसती गर्दी!