दारूबंदीवर विचारलं तर?

एमबीबीएसला नीटच्या गुणांवर लागलास, त्यामुळं मुलाखत हा प्रकार तुला नवा. कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडं अर्ज केलास ना, मग दारूबंदीचा प्रश्न धरूनच चाल. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. कोणत्या सरकारनं लावली, कोणी काढली, यात शिरू नकोस. समोरचा कोणाच्या गोटातला, तुला काय ठाऊक! ओपीडीतून बोल: यकृताचे आजार, अपघात, नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई, आणि बंदीत विषारी हातभट्टीची भीतीही. मग स्वतःचं मत एका वाक्यात सांग. 'मला राजकारण कळत नाही' असं मात्र म्हणू नको बाप्पा, पळपुटं वाटतं.

शेतकरी आत्महत्या निघाल्या तर कर्ज, कापसाचा भाव हे नाकारू नकोस. पण लवकर नैराश्य ओळखण्यावर आणि कीटकनाशक प्यायलेला पेशंट आला तर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आधी काय करशील, यावर ये. ते तुझं अंगण.

वेगळा विदर्भ? बहुतेकदा चिडवायलाच विचारतात. "राज्य कोणतंही असो, सर्पदंशावरचं प्रतिविष पीएचसीत हवं," म्हण आणि हस. आरक्षणावर घटनेतली तरतूद सांग, कोणाच्या गुणवत्तेवर शेरा नको.