काळ्या पट्ट्यांची तक्रार

गेल्या अंकात ‘पूर्वी पाहिलेला एखादा चित्रपट घरी पुन्हा पाहा आणि काय वाटले ते कळवा’ असे सुचवले होते. त्यावर आलेल्या टपालात खानदेशातली चार पत्रे एकाच चित्रपटाविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या चौघांना दिले आहे. चित्रपट आहे जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स २’. डिसेंबर १९८१ मध्ये तो ऑस्ट्रेलियात आणि १९८२ मध्ये ‘द रोड वॉरियर’ या नावाने अमेरिकेत प्रदर्शित झाला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की जगाची घडी विस्कटलेली आहे, तेल संपत आले आहे, ओसाड माळावरची एक छोटी वस्ती जमिनीतून तेल काढून शुद्ध करते आहे, एका टोळीने तिला वेढा घातला आहे आणि मॅक्स नावाचा एकेकाळचा पोलीस केवळ आपल्या गाडीची टाकी भरण्यापुरता त्या भानगडीत पडतो.

प्रश्न : हा चित्रपट मी १९८६ साली अमळनेरला आमच्या गल्लीत, भाड्याच्या व्हीसीआरवर, गणपतीच्या दिवसांत तीनदा पाहिला. आता मुलाने पुण्याहून ब्ल्यू-रे डिस्क आणून दिली आहे आणि घरात ५५ इंची टीव्ही आहे. पण चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. जुन्या टीव्हीवर तर पडदा पूर्ण भरत असे. शेजारी म्हणतात, रिमोटवरचे ‘झूम’ दाबा. दाबावे का? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : गुरुजी, कृपा करून दाबू नका. आपली तक्रार रास्त आहे, पण रोख उलटा आहे. चित्र कापले गेले होते ते १९८६ साली. आता ते आपल्याला पूर्ण मिळते आहे.

हा चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे. त्याची चौकट उंचीच्या २.३९ पट रुंद, तर आपल्या जुन्या पेटीसारख्या टीव्हीचा पडदा उंचीच्या जेमतेम १.३३ पट रुंद होता. त्या पेटीत चित्र कडेपर्यंत भरायचे तर बाजू छाटण्यावाचून गत्यंतर नव्हते. कॅसेट तयार करताना एक तंत्रज्ञ बसून प्रत्येक दृश्यातला कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवत असे. हिशेब केला तर १०० भागांपैकी साधारण ४४ भाग असे गळत होते, म्हणजे आपण तीन वेळा पाहिलेला चित्रपट हा अर्ध्याहून थोडा अधिक चित्रपट होता. नव्या टीव्हीचा पडदा १६ बाय ९ या मापाचा, पहिल्यापेक्षा रुंद, तरी या चित्रपटाला अपुराच. म्हणून पडद्याचा सुमारे पाव भाग वर-खाली काळा राहतो. ‘झूम’ दाबल्यास पट्ट्या जातील, आणि त्यांच्याबरोबर चित्राच्या दोन्ही कडाही जातील.

इतर एखाद्या चित्रपटाच्या बाबतीत मी एवढा आग्रह धरला नसता. दोन माणसे दिवाणखान्यात बसून बोलत असतील तर भिंतीचा तुकडा गेला काय आणि राहिला काय. येथे मात्र नायक जवळजवळ बोलतच नाही आणि जे सांगायचे ते माळरान आणि गाड्या सांगतात. मे महिन्यात भर दुपारी पारोळा-एरंडोल रस्त्यावर एसटीच्या पुढच्या काचेतून जे दिसते ते आठवा: काळी, भेगाळलेली, मोकळी शेते दोन्ही अंगांना पसरलेली आणि मध्ये पाण्यासारखा चमकणारा डांबराचा पट्टा. आता त्याच एसटीच्या बाजूच्या खिडकीची अर्धी काच लावून बघा. शेवटच्या पाठलागात टँकर मध्ये आणि टोळीच्या गाड्या दोन्ही अंगांना पसरलेल्या असतात. कॅसेटवर त्यांतली एखादी गाडी एकदम कोठून उगवली असे वाटायचे, ते यामुळे. ती उगवत नव्हती. कापलेल्या भागात ती आधीपासून धावत होती.

एक प्रयोग मुद्दाम करा. चित्रपटाची सुरुवात कृष्णधवल आणि अरुंद चौकटीत होते; एका वृद्धाचा आवाज जुन्या जगाची कथा सांगत असतो. मग मॅक्सच्या गाडीच्या इंजिनावरच्या यंत्रापासून कॅमेरा मागे सरकतो आणि चौकट दोन्ही बाजूंना रुंदावत रस्ता उघडतो. कॅसेटमध्ये चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाची, त्यामुळे हा उघडण्याचा क्षण आपल्या पिढीने पाहिलाच नाही. मीही त्यातलाच. धुळ्यात मित्राकडे आम्ही वीसेक जण दाटीवाटीने बसलो होतो, पडद्यावर मुंग्या आल्या की त्याचा थोरला भाऊ व्हीसीआरचे झाकण उघडून दहाच्या कोऱ्या नोटेने फीत वाचणारे हेड पुसायचा, आणि एवढे करून दिसायचे ते असे.

प्रश्न : माझ्या जुन्या कॅसेटवर हा चित्रपट सुमारे ९१ मिनिटांत संपतो, डिस्कवर तो ९५ मिनिटे चालतो. चार मिनिटांची दृश्ये सेन्सॉरने कापली होती का? (व्यापारी, शिरपूर)

उत्तर : एवढ्यावरून कात्रीचा संशय घेण्याचे कारण नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने बनतो, आणि आपल्याकडच्या टीव्ही-व्हीसीआरची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रे दाखवत असे. सोपा उपाय म्हणून चित्रपट थोडा भरभर चालवला जाई. २४ ला २५ ने भागून ९५ ने गुणा, ९१ येतात. आवाजही त्यामुळे किंचित चढा येत असे. नव्या डिस्कवर पात्रांचा आवाज अधिक भारदस्त वाटला असेल तर त्याचे कारण हेच. आपण ओघात विचारले आहे की पहिल्या भागातल्या पात्रांचे आवाजच वेगळे कसे. १९७९ चा तो पहिला ‘मॅड मॅक्स’ अमेरिकेत दाखवताना ऑस्ट्रेलियन उच्चार तिथल्या प्रेक्षकांना झेपणार नाहीत या भीतीने अमेरिकी आवाजांत डब केला गेला होता. मूळ आवाज पुढे डिस्कच्या काळात परत आले. डिस्कवर दोन्ही पर्याय असतील तर ऑस्ट्रेलियन निवडा.

प्रश्न : नव्या टीव्हीवर हा चित्रपट दूरचित्रवाणी मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. हाणामारी खोटी वाटते. डिस्क बनावट तर नाही? (बँक कर्मचारी, चाळीसगाव)

उत्तर : डिस्क चांगली आहे, हा टीव्हीचा आगाऊपणा आहे. हल्लीचे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने आणखी चित्रे घालतात, म्हणजे हालचाल सलग दिसावी. क्रिकेटचा चेंडू पाहायला ते बरे, चित्रपटाला मारक. सेटिंगमध्ये नावात ‘मोशन’ हा शब्द असलेले जे काही असेल ते बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असल्यास तो निवडा.

हाणामारी खोटी वाटावी हे तर या चित्रपटाच्या नशिबी येऊच नये, कारण संगणकाने काढलेले यात काहीही नाही. पाठलागात एक मोटारसायकलस्वार गाडीवर आदळून हवेत गोल गोल फिरत जातो, ते दृश्य नीट पाहा. गाय नॉरिस नावाच्या त्या स्टंटमनने सरळ उडून पलीकडे पडायचे ठरले होते. पाय गाडीला लागला, अंग भिरभिरले आणि मांडीचे हाड मोडले. तेच दृश्य चित्रपटात ठेवले आहे. पुढे २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये हेच नॉरिस स्टंट विभागाचे प्रमुख होते. टँकर उलटवण्याच्या दृश्याआधी चालकाला १२ तास उपाशी ठेवले होते, कारण काही बरेवाईट झालेच तर ताबडतोब शस्त्रक्रिया करता यावी. दिग्दर्शक मिलर हे मूळचे डॉक्टर, आणि सिडनीच्या रुग्णालयात त्यांनी अपघाताचे रुग्ण हाताळले होते. हे कळल्यावर उपाशी चालकाची गोष्ट मला तरी निराळी वाटू लागली.

प्रश्न : आमच्या नातवाने हा चित्रपट अर्ध्यावर सोडला. ‘पेट्रोलसाठी एवढी मारामारी कोण करते?’ म्हणाला. मला उत्तर सुचले नाही. आणखी एक : एवढे ऊन त्यांनी कसे सोसले? आम्ही भुसावळकर असल्यामुळे विचारतो. (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : उन्हाचे आधी सांगून टाकतो, म्हणजे भुसावळची मान ताठ राहील. चित्रीकरण न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिलच्या परिसरात झाले, पण ते १९८१ च्या तिथल्या हिवाळ्यात. उघड्या अंगावर चामड्याचे पट्टे बांधलेले ते टोळीवाले प्रत्यक्षात थंडीने कुडकुडत होते. आपल्या ४५ अंशांशी त्यांची बरोबरी नाही.

नातवाच्या प्रश्नाचे मूळ १९७३ मध्ये आहे. त्या वर्षी अरब देशांनी तेल रोखले, भाव कडाडले, आणि पंपांवर रांगा लागल्या. पहिल्या भागाचे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड हे पत्रकार. टाकी भरण्यासाठी ऑस्ट्रेलियन वाहनचालक कोणत्या थराला जातात ते त्यांनी त्या काळात पाहिले होते, आणि कथेत ते उतरले असे त्यांनीच पुढे लिहिले. पण नातवाला १९७३ सांगून उपयोग नाही. त्याला जानेवारी २०२४ ची आठवण करून द्या. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेल्या नव्या कायद्याविरुद्ध चालकांनी वाहने उभी केली, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, आणि ती बातमी फिरताच आपल्याकडच्या पंपांवर लोक बाटल्या, कॅन घेऊन धावले. दोन दिवसांत सगळे पूर्ववत झाले. त्या दोन दिवसांत रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे मागचे कसे पाहत होते, ते मी जळगावात उभा राहून पाहिले आहे. मिलर यांनी ती नजर तेवढी वाढवली.

मग नातवाला सुरुवातीचे एकच दृश्य दाखवा. पाठलाग संपला आहे, एक वाहन उलटले आहे आणि त्याच्या टाकीतून पेट्रोल ठिबकते आहे. मॅक्स धावत येतो, हाताला लागेल ते भांडे धारेखाली धरतो आणि जमिनीवर सांडलेले फडक्याने टिपून पिळून घेतो. पाण्याच्या टँकरचा पाइप गळत असला की आपल्याकडच्या वस्त्यांत एखादी मावशी तिथे कळशी लावून उभी राहते, नेमके तसे. कोणी भाषण करत नाही, आणि इंग्रजीचे अक्षर न कळणाऱ्या अमळनेरच्या गल्लीलाही तेव्हा सगळे कळत होते. यानंतरही त्याने सोडला तर सोडू द्या. टँकरमध्ये शेवटी काय निघते ते मात्र त्याला सांगू नका.

आपल्या पत्राच्या शेवटी घरातल्या या चित्रपटाच्या जुन्या कॅसेटचे काय करावे असेही विचारले आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती चालू व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर जाईल आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होईल. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि मगच डिजिटल प्रत काढावी. प्रत काढणाऱ्याला फीत शेवटपर्यंत चालवायला बजावून सांगा, कारण ई-१८० ची कॅसेट तीन तासांची असते आणि हा चित्रपट दीड तासाचा. उरलेल्या जागेत घरोघरी बारसे, साखरपुडा, हळद असे काहीबाही भरलेले असे. चित्रपट कोठेही मिळेल; ती हळद दुसरीकडे मिळणार नाही.