आजेसासूबाईंच्या चांदीला पॉलिश करावं का?

प्रश्न: ताई, आजेसासूबाईंचे चांदीचे तोडे, कमरपट्टा आणि नक्षीचा करंडा माझ्याकडे आलाय, सगळं काळवंडलंय. सोनार म्हणतो अ‍ॅसिडमध्ये टाकून नव्यासारखं करून देतो. पण भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये जुन्या चांदीच्या नक्षीतपण काळं दिसलं, ते लोक साफ करत नाहीत का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: करतात हो, पण खाचेतलं काळं सहसा मुद्दाम ठेवतात. तुमच्या करंड्यावर उठावाचं काम असेल तर झाकण उलटं करून बघा, बाहेर जिथे फूल वर आलंय तिथे आतून खळगा दिसेल, कारण पत्रा राळेवर ठेवून मागून ठोकतात आणि मग पुढून बारीक छिन्नीने पाकळीच्या रेषा काढतात. त्या रेषा उठून दिसतात त्या काळ्यामुळेच, ते गेलं की सगळं सपाट, कालच दुकानातून आणल्यासारखं. मला तर ते बघवत नाही!

काळं पडतं ते हवेतल्या गंधकामुळे, आणि आपल्या मुंबईची दमट हवा त्याला जोर देते. टूथपेस्टने घासलं की दरवेळी थोडी चांदीपण जाते, उठाव झिजतो. फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती सगळे सांगतात, चांदी फारशी जात नाही हे खरं, पण खाचेतलं काळंही जातं आणि तोडे पोकळ किंवा आत लाख भरलेले असले तर मग संपलंच.

बिदरीचं काही असेल तर त्याला हातही लावू देऊ नका. तिथे जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदी ठोकून बसवतात आणि नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने फक्त ते भांडं काळं करतात, चांदी पांढरीच राहते, म्हणजे काळं हेच अर्धं काम. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नमुने आहेत, बघून या.

करंडा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने पुसा, लगेच कोरडा करा. तोडे नुसते सुक्या कापडाने पुसा. मग धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड अजिबात नको, त्यात गंधक असतं. आणि खरं सांगू का, कमरपट्टा सणावाराला घालाच, वापरातली चांदी कमी काळवंडते.

कडी तुटली असेल तर सोनाराकडे जरूर जा, फक्त जोड चांदीचाच लावायला सांगा, कथलाचा नको, कारण पुढे कधी तापवलं की ते कथील चांदीलाच खातं.